वासाचा रकाना

माझी आत्या ज्या हॉस्पिटलच्या स्वयंपाकघरात काम करते, तिथे तिला तिच्या नावाने कोणी हाक मारत नाही. तोंडावर सगळे मावशी म्हणतात आणि पाठीमागे नाकवाल्या मावशी. तिला दोन्ही माहीत आहेत, आणि दुसऱ्याचाच तिला जास्त अभिमान. मी गेली नऊ वर्षं तिच्याच घरात राहून शिवणकाम करते, तिचे एप्रनसुद्धा मीच शिवते, तेव्हा माझ्या सांगण्यावर विश्वास ठेवायला हरकत नाही.

तिचं काम सांगायला सोपं आहे. स्वयंपाकघराच्या मागच्या दाराशी रोज सकाळी सात वाजता माल येतो. भाजी, दूध, अंडी आणि चिकन. तो आत घ्यायचा की आल्या पावली परत पाठवायचा, हे आत्या ठरवते. भाजीकडे ती फारसं लक्ष देत नाही. तिच्या मते भाजीला लपवाछपवी जमत नाही, जे काय असेल ते तोंडावर दिसतं. तिचा सगळा जीव चिकनमध्ये. वरच्या तीन मजल्यांवर दीडशे-पावणेदोनशे माणसं पडून असतात, कुणाचं पोट फाडून शिवलेलं, कुणी आठवडाभर सलाइनवर. त्यांना दुपारी बाराला सूप जातं. धडधाकट माणसाला शिळं मांस बाधलं तर तो दोन दिवस पोट धरून बसेल आणि चौथ्या दिवशी ती गोष्ट रंगवून सांगेल. या माणसांचं तसं नाही, हे आत्या मला इतक्या वेळा ऐकवते की मला ते झोपेतही म्हणता येईल.

तपासायची तिची पद्धत तिथे सगळ्यांना पाठ होती. साफ केलेल्या अख्ख्या कोंबड्या येतात, एका पिशवीत एक, एका क्रेटमध्ये दहा. गाडीवाला क्रेट उतरवायचा. आत्या त्यातली मधलीच एखादी पिशवी ओढायची, वरची कधीही नाही. कात्रीने कोपरा कापायचा, वाकायचं, डोळे मिटून एक लांब श्वास घ्यायचा. मान हलली की माल आत. मान हलली नाही तर गाडीवाल्याने वाद घालायचा नाही, क्रेट उचलायचा. बावीस वर्षांत तिच्या नाकाशी कोणी वाद घालून जिंकलेलं नाही.

खरं तर तिथे एक रजिस्टर आहे आणि त्यात रोजच्या मालापुढे सहा रकाने आहेत: पिशवी, तारीख, तापमान, रंग, स्पर्श, वास. पण असं नाक दारात उभं असताना बाकीच्या पाच रकान्यांना कोण विचारतो? थर्मामीटर खणात पडून होता, त्याचा सेल कधीच संपलेला. तापमानाच्या रकान्यात रोज चार लिहिलं जायचं. थंडीत चार, भर उन्हाळ्यातही चारच. लिहिणारी आत्याच. नाकावर तिचा इतका भरवसा होता की बाकी सगळं तिला कारकुनी वाटायचं, आणि स्वयंपाकघराला ती सांगेल ती पूर्व दिशा होती. ही चूक तिची होती, आणि तिच्यामुळे सगळ्यांची झाली.

मग तिला ताप आला. आठ दिवस अंथरुणात होती, नवव्या दिवशी कामावर गेली. कुणालाच काही वेगळं वाटलं नाही, तिलाही नाही. पुढच्या रविवारी मी मशीनवर एका पडद्याची किनार मारत होते आणि ती ओट्यापाशी उभी होती. शुक्रवारी आणलेलं चिकन तिने फ्रिजमधून काढून पाकीट फोडलं. फ्रिजचं दार दोन दिवस नीट लागलं नव्हतं, हे आम्हाला नंतर कळलं. वास माझ्यापर्यंत आला तो थेट डोक्यात गेला. मी नाकाला पडदा लावून ओरडले की आत काय मेलंय. तिला वाटलं मी थट्टा करते. तिने तो तुकडा नाकापाशी नेला, नेहमीसारखे डोळे मिटले, लांब श्वास घेतला. मग आणखी एक. मग माझ्याकडे बघून तिने विचारलं, "काय झालंय याला?"

माझी आत्या घाबरलेली मी त्याआधी पाहिलेली नव्हती. मी पटकन जाऊन तो तुकडा तिच्या हातातून घेतला. मग तिने घर पालथं घातलं. कांदा चिरून हुंगला, व्हिनेगर, फिनेल, कपड्यांचा साबण, माझ्या केसांचं तेल. शेवटी काडी पेटवून विझवली आणि तिच्या धुरात नाक घालून उभी राहिली. काही नाही. डॉक्टर म्हणाले की तापात नस दुखावली आहे, सहा महिन्यांत परत येईल, वर्षात येईल, कदाचित येणारही नाही. तिने एकच विचारलं, कामावर जाऊ का. डॉक्टरांनी विचारलं काय काम करता. स्वयंपाकघरात, एवढंच ती म्हणाली. स्वयंपाकघरात नेमकं काय, ते तिने सांगितलं नाही आणि मी शेजारी बसून तोंड उघडलं नाही. ते मला अजून टोचतं.

घरी आल्यावर मात्र मी उघडलं. म्हटलं, उद्याच्या उद्या जाऊन सांग. ती म्हणाली की सांगितलं तर परवापासून मला बटाटे सोलायला बसवतील. मग बस, मी म्हटलं, बटाट्याचं काही वाकडं होत नाही. त्यावर ती माझ्याशी दोन दिवस बोलली नाही. तिसऱ्या दिवशी चहाचा कप माझ्यापुढे आपटून म्हणाली, "नाक गेलंय. अक्कल नाही गेली. मी ते दार सोडणार नाही."

मला वाटलं रागात बोलते आहे. ती कामाला लागली.

आमच्या गल्लीच्या टोकाला चिकनवाला आहे, सभ्य माणूस, दुकान स्वच्छ. आत्याने त्याचं जगणं मुश्कील केलं. रोज संध्याकाळी जायची आणि त्याला तीन पाकिटं मागायची: एक आजचं, एक कालचं आणि एक ज्याची तारीख आज संपते ते. गिऱ्हाईक ताजा माल मागतं, ही बाई शिळा मागते, म्हणून तो आधी घाबरला, त्याला वाटलं कुठल्या तरी ऑफिसातून तपासणीला आलेली आहे. मग ती प्रत्येक पाकीट हातात घेऊन उलटं करायची. खाली पाणी किती सुटलंय, स्वच्छ आहे की गढूळ, ते बघायची. प्लास्टिक फुगलंय का, शिवण कुठे सुटली आहे का, लेबलच्या कडेवरून नख फिरव, तारीख डोळ्यांपाशी नेऊन वाच. एकदा पाठीमागे चार गिऱ्हाइकं ताटकळत असताना चिकनवाल्याने हात जोडून विचारलं की बाई, कोंबडी शिजवायची आहे की तिचं लग्न जमवायचं आहे. आत्या म्हणाली, लग्न जमवताना लोक इतकं बघत नाहीत, म्हणून तर पुढे रडतात. त्यानंतर तो तिला आतला स्टूल द्यायला लागला.

घरी परीक्षा व्हायची. तीन ताटल्या, प्रत्येकीखाली आकडा लिहिलेली चिठ्ठी. मी माझ्या ओढणीने तिचे डोळे बांधायचे, ताटल्या फिरवायच्या आणि ती बोटांनी ओळखायची. खरं काय ते माझं नाक सांगायचं. आपल्या घरात बसून कुजकट मांस हुंगायचं आणि वर त्याला गुण द्यायचे, ही नोकरी मी मागितलेली नव्हती. पहिल्या आठवड्यात दहातले चार तिचे चुकले. ती हात धुवायची आणि म्हणायची, परत लाव.

बोटं हळूहळू शहाणी झाली. ताजं मांस दाबलं की खळगा भरून येतो, जुन्यात तो तसाच राहतो. ताजं ओलं असतं पण बोट त्यावरून सरळ सुटतं. उतरायला लागलेल्या मांसावर घासूनही न गेलेल्या साबणासारखा थर लागतो. आणि हा थर सगळीकडे एकदम येत नाही. आधी येतो पंखाच्या बगलेत आणि मांडी अंगाला जुळते त्या घडीत, जिथे हवा लागत नाही आणि कोणी बघत नाही. हे तिला कोणी शिकवलं नव्हतं, ते तिने आमच्या ओट्यावर शोधून काढलं. थर्मामीटर तिने स्वतः विकत आणला. बर्फाच्या पाण्यात बुडवून शून्य दाखवतो का ते आधी पाहिलं, मगच त्याच्यावर विश्वास ठेवला. तिन्हीतलं ताजं असायचं ते आम्ही खायचो, बाकीचं टाकायचो. चाळीस दिवस आम्ही चिकन खाल्लं. माझ्या स्वप्नात कोंबड्या येऊन मलाच दाबून बघायला लागल्या होत्या.

या दिवसांत दारावर काय चाललं होतं, हे मी तिला रोज विचारायचे, कारण मला माझ्या आत्याची काळजी होती तशी वरच्या मजल्यांवरच्या माणसांचीही होती. तिने आचाऱ्याला बोलावून घेतलं होतं. आचारी चाळिशीतला, अबोल, हाताला चव असलेला पण कोणी मोठ्याने बोललं की लगेच मागे सरणारा. ती त्याला म्हणाली, तूही वास घ्यायला शीक, मी काय जन्माला पुरणार आहे का. त्याला वाटलं मावशी आपल्याला तयार करताहेत. तो रोज आधी वास घ्यायचा आणि काय वाटलं ते सांगायचा, मग आत्या वाकायची, डोळे मिटायची, मान हलवायची. ते दीड महिना चाललं. मग एका आठवड्यात माझ्या ताटल्यांवर तिने तीसपैकी तीस ओळखले आणि आचाऱ्याला परत चुलीपाशी पाठवलं. त्यानंतर ती एकटीच वाकायची, डोळे मिटायची आणि त्याच वेळी पिशवीत हात घालून बगल चाचपायची. थर्मामीटर एप्रनच्या खिशात लपवलेला. तापमान आता खरं लिहिलं जायचं. वासाच्या रकान्यात मात्र रोज 'योग्य' लिहून ती सही करायची. हे तिने मला भिंतीकडे बघत सांगितलं.

मी म्हटलं, आता तर तुला येतंय ना, आता सांग. ती म्हणाली, आता येतंय तर सांगायचं कशाला. तिचं हे मला आवडलं नाही आणि मी ते तिला ऐकवलं. पण मनातून मलाही तिने त्या दारात राहायला हवं होतं. ते दार गेलं असतं तर ती बटाट्यांपाशी महिनाभरसुद्धा टिकली नसती.

नाक गेल्यापासून असे चार महिने गेले आणि एक मंगळवार आला.

त्या दिवशी अकरा क्रेट आले. आत्याने पिशवी कापली, वाकली आणि बोटं बगलेत घातली. थर होता. दुसऱ्या क्रेटमधली पिशवी कापली, तिथेही. वरून मांस छान गुलाबी, जरा जास्तच छान. तिने खिशातला थर्मामीटर सगळ्यांसमोर काढला, पहिल्यांदाच. त्याने अकरा दाखवले. दुसऱ्या पिशवीत दहा. मग तिने लेबलं पाहिली. लेबल पिशवी भरायच्या आधी, कोरडी असताना लावतात, म्हणून ते सपाट बसतं. या पिशव्यांवरची लेबलं सुरकुतलेली होती, म्हणजे कोणी तरी ती भरलेल्या, दमट पिशवीवर लावली होती.

तिने मान हलवली नाही. गाडीवाला बारा वर्षं येतो, तिच्याशी कधी वाकडा बोललेला नाही, पण त्या दिवशी तो अडला. त्याने पिशवीत नाक घातलं आणि म्हणाला की मावशी, कसलाही वास नाही. त्याने आचाऱ्याला बोलावलं. आचाऱ्याने वास घेतला, परत घेतला, आणि हळूच म्हणाला की खरंच नाही, उलट स्वच्छ धुतल्यासारखा आहे, जरासा लिंबट. थर्मामीटर नवा दिसतोय, बिघडलेला असेल, गाडीवाला म्हणाला. साडेसात वाजून गेले होते आणि सुपाचं पातेलं आठला चढायला हवं होतं. कोणी तरी व्यवस्थापकांना खाली बोलावलं.

व्यवस्थापक कडक इस्त्रीचा माणूस. मांसातलं आपल्याला काही कळत नाही हे त्यांना कळतं, एवढा शहाणपणा त्यांच्यात आहे. त्यांनी तिघांचं ऐकून घेतलं, घड्याळ पाहिलं आणि म्हणाले, "मावशी, बाकीचं राहू द्या. तुमचं नाक काय म्हणतं ते सांगा. वास येतोय म्हणा, मी आत्ता गाडी फिरवतो."

एक शब्द पुरे होता. येतोय. माल परत गेला असता, वरचे लोक वाचले असते, दार राहिलं असतं आणि नाकवाल्या मावशींनी पुन्हा एकदा सगळ्यांना तोंडात बोटं घालायला लावली असती. मी तिच्या जागी असते तर डोळ्याची पापणी न हलवता म्हटलं असतं, आणि मला आजही त्याची लाज वाटत नाही.

आत्या म्हणाली, "मला वास येत नाही साहेब. याचा नाही, कशाचाच नाही. चार महिने झाले."

व्यवस्थापकांनी विचारलं की मग रोज सही कोण करत होतं. मीच, ती म्हणाली. त्यांचा चेहरा उतरला, मग लाल झाला. ते म्हणाले बाजूला व्हा, आणि आचाऱ्याला म्हणाले माल आत घ्या. आत्याने दोन्ही हात क्रेटवर ठेवले.

"होते बाजूला. कायमची होते. आधी इथे हात घाला."

त्या माणसाने कच्च्या कोंबडीला जन्मात हात लावलेला नसावा. पण आत्याच्या आवाजात असं काही असतं की माणूस आधी करतो आणि मग विचार करतो, मी नऊ वर्षं तेच करते आहे. त्यांनी बाही दुमडली. तिने त्यांचं मनगट धरून बोट बगलेत नेलं, मग म्हणाली की आता हे अंगठ्यावर चोळा. मग तिने कोल्ड रूममधून आदल्या दिवशीची उरलेली एक पिशवी आणवली आणि तिच्यात बोट घालायला लावलं. त्यांनी दोन्ही बोटं चोळून पाहिली, परत चोळून पाहिली. तिने एक लेबल नखाने उचकटलं. खाली जुन्या लेबलचा डिंक आणि कागदाचे तुकडे चिकटलेले होते. गाडीवाला ते बघून पांढरा पडला, कारण त्याला यातलं काहीच माहीत नव्हतं. त्याने तिथूनच गोदामात फोन लावला आणि आवाज सगळ्यांना ऐकू येईल असा ठेवला. पलीकडचा माणूस म्हणाला की रविवारपासून एक फ्रीजर बंद होता, माल लिंबाच्या पाण्यात धुऊन परत भरलाय, चालतंय, तू उतरव. गाडीवाल्याने अकराच्या अकरा क्रेट एकट्याने परत गाडीत चढवले. वरच्या मजल्यांवर त्या दिवशी भाज्यांचं सूप आणि उकडलेली अंडी गेली, वीस मिनिटं उशिरा.

तीन वाजता तिला ऑफिसात बोलावणं आलं. व्यवस्थापकांपुढे रजिस्टर उघडं होतं. त्यांनी पानं उलटत मोजलं होतं, एकशे अठरा वेळा वासापुढे 'योग्य'. ते म्हणाले की आज तुम्ही बरोबर होतात, ते मी मानतो, पण हे काय आहे. तिने सगळं सांगितलं, ताप, आचारी, ताटल्या, ओढणी. ते म्हणाले असेलही, पण यातलं इथे काही लिहिलेलं नाही. तेव्हा आत्याने त्यांच्या टेबलावरचं पेन घेतलं, खुर्ची ओढली आणि पहिल्या पानापासून सुरुवात केली. प्रत्येक 'योग्य' वर रेघ मारून बाजूला लिहायचं: वास मी घेतला नाही. खाली सही. आचारी सोबत होता त्या दीड महिन्यापुढे: वास आचाऱ्याने घेतला. ते संपल्यावर तिने मागची पानं काढली आणि तापमानातले चार खोडायला घेतले.

व्यवस्थापक म्हणाले, "मावशी, हे कोणी विचारलेलं नाही. तुम्ही स्वतःच्याच विरुद्ध लिहिताय."

"मग कोणाच्या विरुद्ध लिहू?" ती म्हणाली आणि लिहीत राहिली.

ते तिला घरी जा म्हणाले. उद्याचं काय, ते काही बोलले नाहीत.

संध्याकाळी हे सगळं ऐकून मी कपाळाला हात लावला. एक शब्द बोलली असतीस तर काय बिघडलं असतं, मी म्हटलं, माल तर खराबच होता ना. ती जेवत होती. घास खाली ठेवून तिने मला सांगितलं, आणि इतक्या शांतपणे की मला माझा आवाज खाली आणावा लागला. म्हणाली, "आचाऱ्याला वास आला नव्हता, आणि नव्हताच तो. मी येतोय म्हटलं असतं तर त्याने मान खाली घातली असती. त्याला वाटलं असतं आपलं नाक खोटं. उद्या खरा वास आला असता तरी गप्प बसला असता. त्या स्वयंपाकघरात आता तेवढं एकच नाक आहे गं."

मला खरोखर लाज वाटली. मी इतका वेळ तिच्या नोकरीचा विचार करत होते आणि ती त्या माणसाच्या नाकाचा.

दुसऱ्या दिवशी ती नेहमीसारखी पाचला उठली आणि एप्रन घडी घालून पिशवीत ठेवला. मी म्हटलं तुला कोणी बोलावलेलं नाही. ती म्हणाली, नको असंही कोणी म्हटलेलं नाही. तिला दारातून परत पाठवलं तर सोबत कोणी असावं म्हणून मी बरोबर गेले. नऊ वर्षांत ते दार मी पहिल्यांदा पाहिलं. सिमेंटचा उतार, भिंतीला नळ, रबरी पायपुसणं आणि एक लोखंडी टेबल. एवढ्यासाठी ही बाई जीव टाकते, असं मला वाटून गेलं.

सातला पाच कमी असताना व्यवस्थापक आले. ते तिथे नऊच्या आत कधी येत नाहीत, हे मला आचाऱ्याच्या चेहऱ्यावरून कळलं. त्यांनी रजिस्टर टेबलावर ठेवलं आणि सांगितलं की वासाचा रकाना आजपासून आचाऱ्याचा, सही त्याची. बाकीचे पाच मावशींचे. पण आजचा दिवस बघतो, मग काय ते ठरवतो. तुमच्या हातांवर किती विसंबायचं ते मला बघायचं आहे, असं त्यांनी तिला तोंडावर सांगितलं, आणि ते मला पटलं, जरी त्या वेळी मला त्या माणसाचा राग आला होता.

माल दुसऱ्या गोदामातला होता, गाडीवाला तोच. नऊ क्रेट. आत्या एकेक घेत गेली. थर्मामीटर तीन, तीन, चार. लेबलं सपाट. पिशव्या आवळलेल्या, तळाला पाणी नाही. ती हात घालायची, दाबायची, बगल चाचपायची आणि मोठ्याने सांगायची, स्पर्श योग्य. मग आचारी वाकायचा आणि सांगायचा, वास योग्य. व्यवस्थापक बाजूला उभं राहून तिच्या बोटांकडे बघत होते. सहा क्रेट आत गेले.

सातव्यावर आत्या स्पर्श योग्य म्हणाली आणि आचारी वाकला तो लवकर उठेना. सरळ झाला तेव्हा त्याने कुणाकडेच पाहिलं नाही. पुटपुटला की काही नाही, बहुतेक मलाच वाटलं. आत्याने विचारलं काय वाटलं. तो म्हणाला जरासा, अगदी जरासा, पण तुमचा हात ठीक म्हणतोय तर ठीकच असेल.

आत्याने पुन्हा पिशवीत हात घातला. वेळ घेतला. बगल, मांडीची घडी, पोटाची आतली बाजू. मी तिच्या जवळ उभी होते आणि तिचा चेहरा मला वाचता येतो. बोटांना काही लागत नव्हतं. तिने दुसरी पिशवी कापली, तिसरी कापली. काही नाही. व्यवस्थापक एक पाऊल पुढे आले. तिचा हात खरा की खोटा, हे बघायलाच ते आले होते, आणि तिचा हात स्वच्छ सांगत होता की माल चांगला आहे.

तिने हात बाहेर काढून एप्रनला पुसला आणि आचाऱ्याला म्हणाली, "माझा हात राहू दे. तुला वास येतोय की नाही?"

तो पुन्हा एकदा पिशवीवर वाकला. मग म्हणाला, "येतोय."

"मग हा क्रेट परत," आत्या म्हणाली. तिने स्पर्शाच्या रकान्यात 'योग्य' लिहिलं, कारण तिच्या बोटांना तसंच लागलं होतं, आणि पेन त्याच्या हातात दिलं.

आचाऱ्याने वासाच्या रकान्यात लिहिलं आणि सही केली. गाडीवाल्याने क्रेट उचलला. व्यवस्थापकांनी रजिस्टर पाहिलं, मिटलं आणि पुन्हा आत्यासमोर ठेवून ते जिन्याने वर गेले. आत्याने आठव्या क्रेटमधली मधली पिशवी ओढली आणि मला म्हणाली, उन्हात उभी राहू नकोस, घरी जा, मला दोन वाजतील.